बी. एम.चा देव

“पट्टी सरळ धर, केरबा. हलतेय ती.”

इनामदार साहेब तीस पावलांवरून, दुर्बिणीचा डोळा न सोडता बोलले. मी पट्टी सरळ केली, श्वाससुद्धा रोखून धरला. पण हलत होती ती पट्टी नव्हतीच. पट्टीखालचा दगड हलत होता. फार नाही, पडायला आलेला दात जिभेने ढकलला की हलतो तेवढाच.

मी तेव्हा धरणाच्या सर्व्हे पार्टीत खलाशी होतो. खलाशी म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो. आमच्याकडे खलाशी म्हणजे आकड्यांची लांब लाकडी पट्टी धरणारा, खुंट्या ठोकणारा आणि साहेबांचा डबा कुत्र्यांपासून राखणारा माणूस. वय तेहतीस, शिक्षण सातवी, आणि घरी नऊ वर्षांच्या वाट पाहण्यानंतर झालेली दहा दिवसांची मुलगी. बारसं शुक्रवारी होतं. तो दिवस बुधवार.

करडेवाडीच्या खाली तीन कोसांवर धरण बांधून होत आलं होतं. पाणी पूर्ण भरलं की वाडीतली कुठली घरं बुडणार आणि कुठली राहणार, ते आम्ही ठरवायचं होतं. बुडणाऱ्यांची नावं यादीत जाणार, त्यांना खालच्या तालुक्यात जमीन आणि घराला जागा मिळणार. राहणाऱ्यांना काहीच नाही, कारण त्यांचं काही जाणारच नव्हतं.

या सगळ्याची भिस्त त्या एका दगडावर होती. इंग्रजांच्या अमदानीत बसवलेला, रुंद, बसका, चौकोनी घडीव दगड. त्याची उंची सरकारी वहीत लिहिलेली असते, आणि तिथून मोजत गेलं की कुठल्याही उंबऱ्याची उंची निघते. त्यावर इंग्रजीत दोन अक्षरं कोरलेली होती, बी. आणि एम. अक्षरांच्या वर एक आडवी रेघ, आणि त्या रेघेला खालून टेकलेला बाण.

पण करडेवाडीने त्या दगडाला शेंदूर फासून त्याचा देव करून टाकला होता. वरचा शेंदूर खरवडायला आम्ही पुजारी सिदूच्या हातापाया पडलो, तेव्हा कुठे पट्टी टेकायला जागा मिळाली. दगडाभोवती उंबराच्या सावलीत अर्धी वाडी जमली होती.

“ब म्हंजी बिरोबा, म म्हंजी म्हाळिंगराया,” सिदू मला समजावत होता. “गुरू आन् चेला, एकाच दगडात.”

“ब्रिटिश मैल,” शाळेचे मास्तर म्हणाले. “पूर्वी इथून रस्ता जात असणार.”

“मैल बिईल काय न्हाई,” पेन्शनीवर आलेला एक हवालदार म्हणाला. “बॉम्बे मिलिटरी. हितं पलटणीचा तळ पडला हुता.”

मागे एक म्हातारा बसला होता. तो खाकरून म्हणाला, “भिवा मोटे. आमचा खापरपणजा. त्येचं नाव कोरलंय, म्हंजी हा माळ आमचा.” सगळे हसले. म्हातारा हसला नाही.

साहेबांनी वहीत आकडा लिहिला आणि तिथूनच निकाल दिला. “बेंच मार्क. उंचीची खूण. बास.”

सिदूने हात जोडले. “तुमच्या कागदात तसं आसंल, सायेब.”

मी वहीतली जुनी नोंद पाहिली होती. तिच्यात दगडाचा पत्ता लिहिला होता: टेकाडावर, उघड्या जागी. इथे तर डोक्यावर उंबर होता. मी तसं साहेबांना म्हणालो.

“झाडं उगवतात, केरबा. नोंदीला साठ वर्षं झाली.”

उंबराचा बुंधा दोन माणसांच्या कवेत मावला नसता. साठ वर्षांत एवढा उंबर होतो की नाही, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. दुसरा असा दगड तालुक्याला, अकरा किलोमीटरवर होता. तिथून मोजत आणायचं तर आणखी तीन दिवस. दगड हलतोय म्हणालो असतो तर साहेबांनी तेच करायला लावलं असतं. मी बोललो नाही. दगड जुना आहे, झिजला असेल बुडाशी, असं मनाला सांगितलं आणि पट्टी उचलली.

ठकूबाईला मी पहिल्यांदा त्याच दिवशी पाहिलं. साठीच्या आसपासची, काळी, उभट बाई, डोक्यावर पदर. ती वरच्या आळीतून उंबराकडे येत होती, आणि तिच्या चालण्याकडे पाहून मी उचललेली पट्टी पुन्हा खाली टेकवली. दोन्ही हात छातीपाशी वर उचलून, पाय जड टाकत, सावकाश. भर उन्हात, कोरड्या धुळीत, ती बाई पाण्यातून चालावं तशी चालत होती. आजूबाजूच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. देवापाशी आली, हात खाली केले, चिमूटभर हळद वाहिली आणि पुन्हा हात उचलून तशीच निघून गेली.

“तिचं तसंच हाय,” सिदू म्हणाला. “धरणाचं कानावर आल्यापास्नं.”

गुरुवारी दुपारपर्यंत आमची रेषा पूर्ण झाली. गंमत अशी की दगडाची वहीतली उंची आणि धरणाच्या भरलेल्या पाण्याची उंची यांच्यात जेमतेम दोन बोटांचा फरक निघाला. पाणी जिथवर येणार तिथे आखलेली चुन्याची रेघ दगडाच्या बुडाशीच येऊन टेकली, आणि तिथून डावीकडे वळून ठकूबाईच्या उंबऱ्याला घासून गेली. खालच्या वाडीची बावन्न घरं रेषेच्या आत. वरच्या आळीची अकरा बाहेर.

साहेब खुशीत होते. वरच्या आळीतल्या लोकांना म्हणाले, “निर्धास्त राहा. पाणी तुमच्या देवाच्या पायाशी येऊन थांबेल. एक बोट पुढे येणार नाही.”

लोकांनी दगडाला नारळ फोडला. ठकूबाई एकटीच पुढे आली.

“सायेब, आमची आळी बी लिवा यादीत.”

“तुमचं घर बुडत नाही हो, बाई.”

“बुडतंय.”

“दोन बोटं वर आहे. दुर्बीण खोटं बोलत नाही.”

“दुर्बीण न्हाई बोलत,” ती म्हणाली. “पर देव खाली आलाय न्हवं. देव जेवढा खाली आला तेवढं पानी वर येनार.”

साहेबांनी हसून माझ्याकडे पाहिलं. मीही हसलो. आपल्याकडे कुठल्याही डोंगरावरच्या देवाची हीच गोष्ट असते. भक्त थकला, त्याला चढवेना, म्हणून देव त्याच्या मागोमाग पायथ्याला आला. दर दहा कोसांवर एक देव असा खाली आलेला आहे. साहेब जेवायला गेले, आणि मी सामान आवरायला मागे राहिलो.

ठकूबाईने मला ताकाला हाक मारली. नको म्हणवेना.

घर एका खोलीचं. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबलो. जमिनीवर काही म्हणता काही नव्हतं. कणगी नाही, हांडा नाही, चूल नाही. जे होतं ते सगळं वर टांगलेलं नाहीतर फळीवर. पिठाचा डबा शिंक्याला, भांडी खुंट्यांना, घोंगडी आढ्याला. शेळीचं करडू माळ्यावर बांधलेलं, तिथून ते माझ्याकडे बघत होतं. आणि भिंतींवर, चारी बाजूंनी, छातीएवढ्या उंचीवर हळदीची एक रेघ ओढलेली. त्या रेघेच्या खाली घर रिकामं होतं.

“हे काय, मावशी?”

“पानी हितवर यील.” तिने फळीवरून लोटा काढून ताक ओतलं. “तुला पोरंबाळं हायेत का, बाबा?”

“मुलगी झालीय. उद्या बारसं.”

तिचा हात मधेच थांबला. मग तिने लोटा माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“ती अक्षरं वाचलीस न्हवं तू? दगडावरली?”

“वाचली.”

“समदे वाचत्यात. ज्येला त्येला येगळंच दिसतं. मला वाचाय येत न्हाई, म्हून मला जे हाय त्येच दिसतं.” तिने बोट ताकात बुडवून फळीच्या लाकडावर काढून दाखवलं. एक उभी रेघ, तिला पुढे दोन फुगवटे. “ही गरवार बाई. बाजूनं बग. छाती आन् प्वाट.” मग शेजारी वर-खाली जाणारी नागमोडी रेघ. “ही लाट. आन् वरती आडवी रेघ हाय का न्हाई? त्यो पान्याचा काठ. खालनं बान काय दावतोय?”

मी फळीवर वाकलो.

“वर दावतोय,” ती म्हणाली. “त्या रेघंपतुर वर.”

मी आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस. पण लाकडावरची ताकाची ती बाई वाळेपर्यंत माझ्याच्याने तिथून नजर हटवेना. लोटा संपवला आणि टेकाडावर लावलेलं आमचं लाल निशाण काढायला गेलो.

उंबरापासून वर चाळीस-पन्नास पावलं चढलो असेन. निशाणाची काठी उपटली, वळलो, आणि पाय एका खड्ड्यात गेला. चौकोनी खड्डा. कडा घडीव, आत जुन्या चुन्याचं अस्तर, तळाला दगडाचा ठसा उमटलेला. सभोवार उघडा माळ, सावलीला झुडूपसुद्धा नाही. वहीत लिहिलेला पत्ता डोळ्यांसमोर उभा राहिला. खड्ड्यात ताजी हळद होती.

खाली पाहिलं. उंबराखालचा शेंदरी ठिपका दिसत होता. मी रोज पट्टी धरणारा माणूस; नुसत्या नजरेने मला उतार कळतो. दगड इथून जेवढा खाली गेला होता, ती उंची माझ्या छातीएवढी होती. म्हणजे ठकूबाईच्या भिंतीवरच्या रेघेएवढी.

देव गोष्टीत खाली आला नव्हता. खरोखरच आला होता. आम्ही वहीतली वरची उंची खालच्या दगडाला चिकटवून सगळी वाडी मोजली होती. प्रत्येक उंबरा आमच्या कागदावर छातीभर उचलला गेला होता.

“मोकळी जागा बरी न्हाई दिसत, म्हून हळद वाहते.”

ती माझ्या मागे उभी होती. चढ चढून आली होती, पण दम लागलेला नव्हता.

“कोणी हलवला, मावशी?”

“आमच्या मालकानं. चौघं हुते, मेढीच्या लाकडाला बांधून आनला. मला सातवा लागला हुता, पाय सुजलेले, एवढा चढ बी झेपंना, आन् रोज हळद वाहायचा नवस बोललेली. मालक म्हनला, तू नगं जाऊस, मी त्येलाच खाली आनतो.” ती खड्ड्याकडे बघत होती. “पोरगी झाली. नऊ दीस जगली. बारसं न्हाई झालं तिचं. तवाच मला कळलं, ह्यो आपली जागा इसरलेला न्हाई.”

खालून जीपचा हॉर्न वाजला. साहेब हात करत होते. जीप आत्ता सुटली तर रात्रीच्या गाडीने मी पहाटे घरी. साहेबांना हे सांगितलं तर तालुक्याच्या दगडापासून पुन्हा सुरुवात, तीन दिवस, कदाचित चार.

“तुला कळलं न्हवं, बाबा?” ठकूबाईने विचारलं.

मी म्हणालो, “नाही.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. खोटं तिला कळलं हे मला कळलं. मी खाली बघितलं.

“बरं,” ती म्हणाली. “जा तू. बारसं चुकवू नगंस.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित साहेबांकडे गेलो असतो. मी जीपकडे गेलो. वळून पाहिलं तेव्हा ती उतरत होती, दोन्ही हात छातीपाशी उचलून.

शुक्रवारी बारसं झालं. मुलीचं नाव रंजना ठेवलं. सोमवारी सांगेन म्हणालो, मग साहेबांची बदली झाली, मग कागद वर गेले. न सांगायला कारणं हवी तेवढी मिळतात. खालची बावन्न घरं उठून गेली. वरची आळी एकटी राहिली.

दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं. मला सगळं नंतर कळलं. पाणी चुन्याच्या रेघेवर थांबलं नाही. सकाळी उंबऱ्याला लागलं, दुपारी दारांत शिरलं. आळीची माणसं शेळ्या-मेंढ्या घेऊन टेकाडाच्या माथ्यावर गेली. ठकूबाई मात्र उलटी, उंबराकडे निघाली. देवाला वर न्यायचं म्हणाली. माणसांनी हाका मारल्या. ती छातीभर पाण्यातून हात उचलून चालत होती, दोन वर्षांची सवय होती तिला. झाडापाशी पोचलेली सगळ्यांनी पाहिली. मग पावसाची एक सर आली. सर ओसरल्यावर झाडाखाली कोणी नव्हतं. ती सापडली नाही.

पाणी उतरल्यावर एप्रिलमध्ये चौकशी आली. पुण्याहून एक मोठे साहेब, इनामदार साहेब, आणि पट्टी घेऊन मी. वरच्या आळीतल्या बाकी दहा घरांची माणसं रस्त्यापासून आमच्याबरोबरच चालत आली. त्यांच्यातलं कोणी महिनाभर तिकडे फिरकलं नव्हतं. ठकूबाईच्या घराचं छप्पर गेलं होतं, भिंती उभ्या होत्या. हळदीची रेघ धुऊन निघाली नव्हती, आणि पाण्याने सोडलेला गाळाचा पट्टा बरोबर तिच्याच खाली संपत होता.

उंबराखाली दगड नव्हता.

तो वर होता. टेकाडावर, उघड्या जागी, आपल्या खड्ड्यात, चारी कडांनी घट्ट बसलेला. शेंदूर कुठल्या कुठे गेला होता, अक्षरं नव्यासारखी दिसत होती. पुराचा गाळ त्याच्या पायाशी येऊन थांबला होता, दोन बोटांवर. इनामदार साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. देवाच्या पायाशी थांबेल, हे शब्द त्यांनाही आठवले असणार.

मोठ्या साहेबांनी वही उघडली. “दगड तर नोंदीप्रमाणे जागेवर आहे. इथूनच मोजलं असेल तर रेषा चुकायला नको होती. म्हणजे पूरच नेहमीपेक्षा मोठा आला म्हणायचं. तसं असेल तर यादी बदलता येणार नाही.” मग माझ्याकडे वळले. “पट्टी तू धरली होतीस ना? कुठे धरली होतीस? इथेच?”

इनामदार साहेब माझ्याकडे बघत होते. हो म्हटलं असतं तर ते सुटत होते, मी सुटत होतो. दहा घरांची माणसं उकिडवी बसली होती; दगड खाली होता असं ती म्हणाली असती तरी जमिनीसाठी बोलतात म्हणून कोणी धरलं नसतं. सिदू जमिनीवर काडीने काहीतरी ओढत होता. मी त्या दोन अक्षरांकडे पाहिलं. मला बी दिसेना आणि एम दिसेना. पोटुशी बाई होती, बाजूने उभी, आणि तिच्यापुढे लाट.

“नाही साहेब,” मी म्हणालो. “खाली, उंबराजवळ. दगड तेव्हा तिथे होता. हलत होता, ते मला कळलं होतं. ही रिकामी जागाही मी पाहिली होती. मी सांगितलं नाही.”

“का?”

“घरी बारसं होतं.”

मोठे साहेब दगडाभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, “आणि वर कोणी आणला? चार माणसांशिवाय उचलणार नाही हा.”

त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कोणी मान हलवली नाही. शेवटी सिदू म्हणाला, “ज्येचा त्यो गेला आसंल.” ते काही लिहून घेतलं गेलं नाही.

माझं म्हणणं मात्र लिहून घेतलं. त्यावर दहा घरं यादीत गेली, त्यांना खालच्या तालुक्यात जमिनी मिळाल्या, आणि मी आठ महिने निलंबित होऊन घरी बसलो. अकराव्या घराच्या रकान्यात सही करायला कोणी नव्हतं; तो तसाच राहिला. पुढे मला रस्त्याच्या कामावर घेतलं. तिथे बी. एम. म्हणजे खडी-डांबराचा थर. कर्ज काढायला बँकेत गेलो तर काचेवर बी. एम., आत ब्रँच मॅनेजर बसलेला. रंजनाला शिकवताना मी तिची ए. बी. सी. डी. कधी घेतली नाही, ते काम बायकोने केलं.

चौकशीच्या दिवसाचं एक मी कोणाला सांगितलेलं नाही. शेवटी उंची पुन्हा तपासायची म्हणून मला पट्टी दगडावर धरायला लावली. मी धरली. दगड रेसभर हलला नाही. साहेबांनी आकडा वाचला, वहीतल्याशी तो तंतोतंत जुळला, आणि त्यांनी मला पट्टी घे म्हणून खूण केली. मी ती उचलली, पुसायला आडवी केली. बुडाला हळद लागली होती. ओली होती.

वर आमच्यातलं कोणी आधी गेलेलं नव्हतं. मी ती रुमालाने पुसली आणि रुमाल तिथेच, दगडाच्या पायाशी ठेवून आलो.